ट्रेलर आईसाठी, नाव पोरांचं

दुबईची गोष्ट म्हटलं की तुम्ही उंच उंच बिल्डिंगींची वाट बघणार. नाही मिळणार. सोनं? वहिनीच्या बांगड्या सोडल्या तर आमच्या घरात तेही नव्हतं. त्यात मंदीची वर्षं म्हटल्यावर तर तुम्ही तयारीतच बसला असाल, की आता हा एअरपोर्टवर धूळ खात सोडलेल्या गाड्यांचं सांगणार, मग कुणीतरी रडणार, कुणीतरी रातोरात पळून जाणार. तसलं काही नाही, निवांत बसा. मी सांगणार आहे ते एका संडासाबद्दल. चाकांवरच्या.

आम्ही राहायचो अल कुसैसला. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि हॉलमधल्या सोफ्यावर मी. तासगावच्या नगरपालिकेच्या शाळेतनं निघून, सांगलीला डिप्लोमा करून, दादाच्या ओळखीनं मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत स्टोअरला चिकटलो, आणि मी चिकटलो न चिकटलो तोच जगात मंदी आली. हा योगायोग नाही असं दादाचं ठाम मत होतं. कंपनीनं काढलं नाही, पण 'सध्या घरी थांबा, इन्शाल्ला बोलावू' असं सांगितलं. आमचा मॅनेजर इन्शाल्ला म्हणताना डोळे मिटायचा आणि हनुवटी छातीला लावायचा, म्हणजे समजायचं की विषय संपला. मी ते घरी करून दाखवायचो. पोरं शाळेतनं आली की दप्तर टाकायच्या आधी फर्माईश: "काका, डू द इन्शाल्ला मॅन."

दादाची नोकरी टिकली, पण त्या वर्षी त्याच्या ऑफिसनं सुट्टीची तिकिटं बंद केली. मग आम्ही गावाला जायच्या ऐवजी आईच व्हिजिट व्हिसावर इकडं आली.

पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या वारी, तिला उम्म अल कुवैनच्या बाजूला समुद्रावर नेलं. ती घडीच्या खुर्चीत बसली, पाय पाण्यात, साडी गुडघ्यापर्यंत वर, आणि असली खूश की दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "किती स्वच्छ आहे रे, तळ दिसतोय." दुपारी तिला चक्कर आली. क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईनं विचारलं, पाणी किती प्यायलं? आई म्हणाली, प्यायलं की. घरी आल्यावर वहिनीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की सकाळपासून तिनं पाण्याला तोंडच लावलं नव्हतं. वाटेत जायची सोय असेल-नसेल, असली तर खाली बसायची असेल, आणि तिचे गुडघे तर वाकत नाहीत. ही धास्ती.

त्यानंतर तिनं बाहेर जायचं नावच टाकलं. आम्ही निघालो की म्हणायची, "तुम्ही जावा, मला भांडी आवरायचीत." भांडी मशीन धुवायचं. ती बाल्कनीत बसायची. समोर एक अर्धवट इमारत होती, तिच्या डोक्यावर क्रेन, मंदीत काम थांबल्यापासून जागच्या जागी. आई रोज संध्याकाळी रिपोर्ट द्यायची, "आज पण हलली नाही बघ ती." मी तिच्या आवाजात हेच वाक्य पोरांना म्हणून दाखवायचो. पोरं हसायची, पण वहिनी एकदा म्हणाली, "भाऊजी, हसू नका हो. आई दुबईला येऊन क्रेन बघून परत जाणारेत." तेव्हापासून ती नक्कल मी बंद केली.

ट्रेलर घ्यायचं दादाच्या डोक्यात आलं. गाडीमागं जोडून न्यायची छोटी खोली. आत बिछाना, शेगडी आणि मुख्य म्हणजे कमोड. मंदीमुळं गोरे लोक सामान विकून आपापल्या देशांत परत चालले होते, त्यात असले ट्रेलर बरेच निघायचे. दादा किंमत वाचायचा, मोठ्यानं रुपयांत करायचा आणि नंतर पाणी प्यायचा. आईला सांगितलं की पोरांसाठी घेतोय, त्यांना कॅम्पिंगचं वेड आहे. तिच्यासाठी म्हटलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशीचं विमान धरलं असतं. पोरांना आम्ही पढवून ठेवलं. घरी बसलेला मी एकटाच, त्यामुळं ट्रेलर शोधायचं खातं माझ्याकडे आलं.

मला तर ते खेळणंच सापडलं. फ्लॅट बघताना भिंतीच बघायच्या असतात. ट्रेलरमध्ये प्रत्येक वस्तूची दुसरी वस्तू होते. टेबल खाली दाबलं की पलंग. सिंकवर झाकण ठेवलं की भाजी चिरायचा ओटा. पायरीच्या आत चपलांची जागा. पहिला बघितला तो जुमेराच्या एका व्हिलाच्या अंगणात होता, एका गोऱ्या जोडप्याचा. त्या गोऱ्यानं ट्रेलरच्या पाठीवर म्हशीला थोपटावं तसं थोपटलं आणि म्हणाला, "लव्हली लिटल थिंग." मी उघडण्यासारखं होतं ते सगळं उघडलं. दोनदा.

अडचण एकच. कमोडचं दार थेट शेगडीसमोर उघडत होतं. आईनं ते बघितलं आणि पदर सावरला. तेवढ्यात पुतण्यानं गोऱ्याला विचारलं, "व्हेअर डझ द पू गो?" गोऱ्याला आनंद झाला. तो आम्हाला बाहेर घेऊन गेला, भिंतीतलं एक छोटं दार उघडलं आणि आतनं प्लॅस्टिकची टाकी ओढून काढली. ही भरली की अशी न्यायची, अशी ओतायची, अशी धुवायची, सगळं हातानं करून दाखवलं. आईला इंग्रजी येत नाही, पण हाताची भाषा तिला पूर्ण समजली. ती टाकीकडं बघत होती, मग दादाच्या हातांकडं.

गाडीत म्हणाली, "चुलीला लागून नको बाई ते." दादानं सांगून बघितलं की त्यात केमिकल असतं, झाकण असतं, वास येत नाही. आई म्हणाली, तुझं केमिकल तुझ्याजवळ ठेव. आम्ही सगळे धरून चाललो की भानगड शेगडीची आहे. मीही.

दुसरा अजमानला, एका पठाणाच्या गॅरेजमध्ये. आत आधी चहाचा धंदा चालायचा. वेलदोड्याचा वास असा की आत बसल्या बसल्या तलफ यावी. मी विचारलं, टॉयलेट? पठाणानं दोन्ही हात पसरून समोरचं रिकामं मैदान दाखवलं. "पूरा अजमान है, भाई." आई गाडीतनं उतरलीसुद्धा नाही.

असे आणखी काही शुक्रवार गेले. एकात कमोड इतका बारका की दादा बसला तर ट्रेलरसकट उठेल. एक गाडीला ओढवणार नाही एवढा मोठा. इकडं आईचा व्हिसा संपत आलेला. वहिनी दिवस मोजत नव्हती, पण कॅलेंडरसमोर उभी राहायची.

मग हमरियाजवळच्या एका यार्डाचा पत्ता लागला. बंद पडलेल्या साइटवरच्या केबिनी, जनरेटर, आणि कोपऱ्यात दोन-तीन छोटे ट्रेलर. यार्डाचा मालक निघाला रत्नागिरीकडचा. आमचं मराठी कानावर पडल्याबरोबर त्यानं आईसाठी खुर्ची मागवली, चहा मागवला, "मावशी, तुम्ही बसा हो आधी" म्हणाला. वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर न्यायचा आणि तिथंच सोडून द्यायचा, अशी त्याची बोलायची तऱ्हा. पाच मिनिटांत माझ्या जिभेवर बसली.

त्यानं विचारलं, कुणासाठी हवाय? आमच्या सगळ्या टोळीनं एका सुरात सांगितलं, पोरांसाठी. झालं. तो बिचारा पोरांचे ट्रेलर दाखवायला लागला. एकावर एक पलंग, भिंतीवर चांदण्या चिकटवलेल्या. "पोरांना काय, कुठं पण जातील," म्हणून कमोडचा विषयच नाही. दादा मान डोलावत होता. वहिनी माझ्याकडं बघत होती. आईनं चहा घेतला होता, पण कप तसाच हातात धरून बसली होती, एक घोट नाही. मला राहवलं नाही. मी त्याच्याच चालीत, शेवटी आवाज वर नेऊन, म्हणालो, "काका, पोरांचं नाव आहे हो. संडास आईला हवाय."

 आईनं कप खाली ठेवला. तो माणूस मात्र हसला नाही की काही नाही. "असं होय," म्हणाला, "मग हा बघा." कोपऱ्यातला पांढरा ट्रेलर त्यानं दाखवला. शेगडी पुढं दाराशी, कमोड अगदी मागच्या टोकाला, मध्ये अख्खा पलंग. दोनच चाकं, मधोमध. "थांबा, मागचे टेकूचे पाय खाली सोडायचेत, हँडल घेऊन येतो," म्हणून तो शेडकडं गेला.

थांबणं आमच्यात नाही. आमच्या गावाकडं कुणी घर बघायला गेलं तर घरातली सगळी जातात, शेजारची दोन जातात, आणि सगळी मिळून आधी मोरी बघतात. आई उठली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढं बोंबललाच आहेस तर आता बघू दे." ती आत शिरली, पार मागं गेली आणि दार लावून कडी घातली. बसता येतं का, आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे उठता येतं का, हे तिला बघायचं होतं. कमोडच्या दाराबाहेर, ट्रेलरच्या आतच, दादा, वहिनी, दोन्ही पोरं आणि मी, सगळे कान लावून.

"येतंय का गं बसायला?" दादानं विचारलं.

"बसले," आतनं आवाज.

आणि आमच्या पायाखालची जमीन हळूच मागं कलली. ट्रेलरचं पुढचं तोंड वर उठलं, मागचं बूड धप्पकन वाळूत टेकलं. पुढच्या कपाटातलं कुणाचं तरी जुनं पातेलं घरंगळत येऊन दादाच्या पायाशी थांबलं. पुतणी म्हणाली, "आर वी टेकिंग ऑफ?"

आतनं काही आवाज नाही. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दार ओढलं, पण कडी.

बाहेरनं तो माणूस ओरडत आला, "हलू नका कोणी. मी पुढं जोडायच्या दांड्यावर बसतो, एकेक करून पुढं या." पोरं पलंगावरनं सरपटत पुढं गेली, मग वहिनी, मग दादा. मी दाराशी राहिलो. म्हटलं, "आई?"  मग मी डोळे मिटले, हनुवटी छातीला लावली आणि मॅनेजरच्या आवाजात म्हणालो, सध्या आत थांबा, इन्शाल्ला बोलावू. आतनं खुदकन हसू आलं, मग न थांबणारं हसू. मी पुढं सरकलो तसं तोंड हळूहळू खाली आलं, त्या माणसानं धावत जाऊन मागचे पाय सोडले, आणि मग कडी निघाली.

"उठता येतं," आईनं जाहीर केलं. "वाकड्यात पण येतं."

आम्हाला वाटलं जमलं. पण ती खाली उतरली आणि थेट त्या माणसासमोर उभी राहिली. आमच्यापैकी कुणाला नाही, त्याला विचारलं, "भाऊ, ती पेटी कोणी ओतायची?"

दादा चटकन म्हणाला, मी ओतेन की. मी म्हणालो, मी आहे ना. आई आमच्याकडं वळली नाही. "पोरांनी नाही ओतायची," ती म्हणाली. "माझी मी ओतणार. मला जमेल का तेवढं सांगा."

भानगड शेगडीची नव्हतीच. गोऱ्याच्या अंगणात ती बघत होती ते दादाचे हात.

त्या माणसानं भिंतीतलं दार उघडलं आणि टाकी बाहेर काढली. हिला खाली दोन चाकं होती आणि वर ओढून काढायची दांडी. "मावशी, एअरपोर्टवर बॅग ओढत आलात ना? तश्शी." त्यानं पाइप लावून टाकी अर्धी पाण्यानं भरली, वजन कळावं म्हणून, आणि दांडी आईच्या हातात दिली.

आईनं पदर खोचला. एका हातानं कंबर धरून, दुसऱ्या हातानं टाकी ओढत, ती बंद पडलेल्या जनरेटरांच्या मधनं निघाली. यार्डातले बंगाली कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले. कोपऱ्यावर वळताना चाक अडलं, तिनं पायानं ढकललं, पुढं गेली. नळापाशी पोचली, झाकण फिरवलं, ओतलं, धुतलं, परत झाकण लावलं. रिकामी टाकी घेऊन आली ती रुबाबात. दादाला म्हणाली, "हा घे. पोरांना आवडलाय." आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

दादा आणि तो माणूस भावाचं बोलायला शेडमध्ये गेले. आम्ही गाडीत बसलो. दार लागायची खोटी, आई माझ्याकडं वळली.

"लाज आहे का रे तुला? ओळख ना पाळख, त्या माणसापुढं संडास संडास करत होतास. रत्नागिरीचा आहे तो, आता सगळ्या कोकणात होईल."

मी म्हटलं, कोकणात तुला कोण ओळखतं?

"उलट बोलू नकोस. आणि मी ती पेटी ओढत होते तेव्हा मागनं कंबरेवर हात ठेवून कोण चालत होतं? मला दिसत नाही वाटलं? ते बंगाली तुला बघून हसत होते. मोठा झालास, मिशा आल्या, अजून माकडचेष्टा जात नाहीत. सूनबाई, तू पण हसू नकोस. याला सगळ्यांनी मिळून डोक्यावर बसवलाय. आणि ऐक, त्या पेटीला तू हात लावलेला मला दिसला ना, तर तिथंच समुद्रात बुडवीन, तुला आणि पेटीला. आता गप बस. आणि त्या समुद्रावर पुढच्या शुक्रवारी किती वाजता निघायचं, ते विचार तुझ्या दादाला."