गुळणीचं एक मिनिट

परवा मेडिकलमध्ये शेजारच्या गिऱ्हाइकानं गुळण्यांच्या औषधाची बाटली उघडून हुंगली आणि त्या कडसर पुदिन्याच्या वासानं मी थेट सोयगावच्या आमच्या मोरीपाशी जाऊन पोचलो. मिश्री लावून लावून वडिलांच्या हिरड्या तेव्हा पार सुजल्या होत्या, थुंकीत रक्त यायचं. शहरात क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी मिश्री सोडायला लावून गुलाबी औषध दिलं आणि बजावलं, "मिनिटभर तोंडात धरायचं, मधेच थुंकायचं नाही." वडील कापडदुकानात दिवसभर बोलायचे, पण माझं एकही वाक्य त्यांनी कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. मला दुकान सोडून बजाजनगरला कंपनीत लागायचं होतं, आणि तोंड उघडलं की "गप बस" ठरलेलं. मग मी कसला शूर, त्यांचं तोंड औषधानं भरलेलं बघून मोरीच्या दारात उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो, "दादा, गिऱ्हाईक दिसलं की मला घाम फुटतो. मशीनवर मात्र हात चालतो माझा. मला जाऊ द्या." त्यांनी डोळे वटारले, गाल थरथरले, पण डॉक्टरांचं मिनिट भरायचं होतं. शेवटी त्यांनी चूळ टाकली तसा मी पळायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "थांब. मशीनवर काय काम असतं, ते नीट सांग," आणि झाकणात पुन्हा औषध ओतून तोंडात धरून माझ्याकडं बघत राहिले. त्या महिन्यात मी बजाजनगरला गेलो. माझ्या हिरड्या अजून ठणठणीत आहेत, गुळण्या धरायची वेळ कधी आली नाही. म्हणून की काय, घरात कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो असा माझा लौकिक काही नाही.