देवींना हेल्मेट नव्हतं

मी विनोदी लिहायला लागले तेव्हा पहिली परीक्षक घरातच निघाली, आमची लेक. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. पहिला लेख वाचून दाखवला तर तिने तो शेवटपर्यंत ऐकला आणि अगदी मनापासून विचारलं, "मम्मी, इसमें हँसना कहाँ पर है?"

मला रागच आला. ओळीओळीत कोट्या केल्या होत्या, आणि जिथे हसायचं तिथे उद्गारचिन्हंही दिली होती. "चिन्हं दिलीत ना," मी म्हणाले. "वहाँ तो हँसी नहीं आई," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन आत गेली. मी फणफणत सगळी चिन्हं खोडली. त्यांच्याबरोबर बऱ्याच कोट्याही गेल्या, कारण चिन्हाशिवाय त्या मलाही सापडेनात.

पण मराठी मंडळाच्या गणपतीत वाचायला मी होकार देऊन बसले होते, आणि पहिल्या रांगेत सासूबाई असणार होत्या. त्या अकोल्याकडच्या. रायपुरात सगळा संसार झाला तरी बोली तिकडचीच. माझ्या लिहिण्याला त्या 'तुझं ते' म्हणतात. "तुझं ते झालं असन तं कुकर लाव." मी लिहिते हे त्यांनी कधी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही, आणि ते मला फार लागतं. मंडळ हसो न हसो, त्यांना एकदा हसवायचं होतं.

विषयही त्यांनीच पुरवला होता. गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आधी आम्ही दोघी सदर बाजारातून देवींचे पितळी मुखवटे उजळून आणले. मी म्हटलं, स्कूटरच्या डिक्कीत ठेवू. "देवीले डिक्कीत कोंबतात का?" म्हणून त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि दोन्ही मुखवटे मांडीवर घेतले, तोंडं रस्त्याकडे. त्या गर्दीत शेजारून जाणारे हात जोडायला लागले. एकाने तर हँडल सोडून जोडले. पुढे चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, सासूबाईंच्या अंबाड्यावर नव्हतं.

हे मी मंडळात जसं झालं तसं वाचत गेले. देवींनाही हेल्मेट नव्हतं, या वाक्याला थोडी खसखस पिकली. मग मी वाचलं, "पोलिसाने देवींना हात जोडले आणि आम्हाला सोडून दिलं." सभागृह गप्प. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"अवं, अन् मी काय म्हणलं ते?" पहिल्या रांगेतून सासूबाई. "ते काहून गाळलं?"

"आई, राहू द्या ना," मी माइकवरच म्हणाले.

"राहू द्या काय? खरी गंमत तं तेच होती."

ती मला ठाऊक होती, म्हणूनच गाळली होती. सासूने सुनेला भर चौकात ओळख दाखवली नाही, हे भर मंडळात कसं वाचायचं? पण आता इलाज नव्हता. मी कागद खाली ठेवले आणि घरी जेवताना सांगते तसं सांगून टाकलं.

"माताजी का हेलमेट कहाँ है?" पोलिसाने विचारलं होतं. दंड बसणार म्हटल्यावर सासूबाई झटकन उतरल्या. "मैं तो लिफ्ट ली हूँ भैया. ये बाई को मैं नहीं पहचानती."

"और ये दोनों?" त्याने मुखवट्यांकडे बोट केलं.

"ये दोनों मेरे साथ हैं."

त्याने देवींना हात जोडले, जा म्हणाला. लगेच सासूबाई पुन्हा मागे चढल्या आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या, "चाल सूनबाई, सांबार घ्याचा राहिला." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती त्याला कळली नसेल, पण सूनबाई कळली असावी. आम्ही वळेपर्यंत तो कमरेवर हात ठेवून बघत होता.

सभागृह हसून हसून वाकलं. सासूबाई पदराने डोळे पुसत शेजारणीच्या गुडघ्यावर चापट्या मारत होत्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि शेवटची दोन पानं वाचायची राहूनच गेली. कुणी ती मागितलीही नाहीत.

प्रसादाच्या रांगेत मी सासूबाईंच्या मागेच होते. पुढच्या एका नवख्या, सभागृहात पार मागे बसलेल्या बाईंनी वळून त्यांना विचारलं, "ती वाचणारी कोण हो? तुमच्या ओळखीची का?"

"माही सून आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "लिहिते." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "पोलिसाले तेवढं सांगू नका."