गाळातले खापर

आमच्या जिल्ह्याच्या इतिहास-त्रैमासिकाला बाहेरचे विद्वान प्रमाण मानतात. याचे श्रेय लोक संपादकांना देतात. ते साफ चूक आहे. श्रेय तेरच्या एका शेतकऱ्याचे. रानात सापडलेले खापर देताना बांध, दिशा आणि नांगराची खोली सांगितल्याशिवाय तो ते हातातून सोडत नाही. त्याच्या एका खापरावर मी प्राचीन वस्तीचा लेख उभारला. अंक छपाईला जायच्या दिवशी तो एसटीने धाराशिवला माझ्याकडे आला.

"गुरुजी, लेख थांबवा. भावानं त्या रानात धरणाचा गाळ टाकला व्हता. खापर गाळासंगं आलं असंल."

"असेल म्हणजे? खात्री आहे?"

"न्हाय. म्हणूनच आलोय."

मी तासभर भांडलो. तो जागचा हलला नाही. अखेर लेखाच्या जागी त्याचे हे बोलणेच छापा, असा हट्ट मी संपादकांकडे धरला. विद्वान आज दाखला देतात तो त्या पानाचा.