टँकरमधला हिस्सा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझ्याकडे येणारी माणसं दोनच गोष्टी विचारायची. उदगीर जिल्हा होणार म्हणतात, तर त्या रोडला प्लॉट घ्यावा का. आणि टँकरमध्ये पैसे घालावेत का. मी म्युच्युअल फंडाचं काम करायची. लोक फंड मोडून तिकडं पळत होते, कारण शेजारी पळत होता.

त्यातच सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या. एकट्या राहायच्या. माहेर जवळच्याच खेड्यात. तिथं धाकटा भाऊ आंब्याची बाग सांभाळायचा. सिस्टरांच्या गल्लीतल्या एकानं टँकर घेतले होते आणि निम्म्या गल्लीनं त्यात हिस्सा. सिस्टरांनीही घेतला. मला मागाहून, पेढे देताना सांगितलं.

"पाणी कुठून उचलतो तो?" मी विचारलं.

"मला काय करायचंय? नफा यायलाय ना."

"सिस्टर, पाऊस पडला की हा धंदा बसतो, आणि नाही पडला तर पाणीच संपतं. आपला पैसा कुठं राबतोय, एकदा डोळ्यांनी बघून तरी या."

त्यांना राग आला. तोंडातला पेढा मी तसाच गिळला.

पण त्या गेल्या. ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या, आणि गाडी त्यांच्या माहेरच्याच शिवारात वळली. भावाच्या बांधाला लागून कुणाचं तरी रान भाड्यानं घेऊन टँकरवाल्यानं बोअर पाडली होती. मोटर बंद व्हायचं नाव नव्हतं. बांधाअलीकडं भावाची विहीर कोरडी पडली होती. भाऊ आंब्याचं वाळलेलं झाड तोडत होता. त्यानं बहिणीला टँकरमधून उतरताना पाहिलं.

"आक्का, तू ह्यात कशी?"

"माझा हिस्सा हाय रे ह्यात."

तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून घराकडं निघून गेला. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि म्हणाल्या, "चला माझ्यासंगं. हिस्सा काढून घेऊ."

टँकरवाला हसला. "तुम्ही निघालात म्हून बोअर थांबणार हाय का, सिस्टर? घेणारे लई हायेत." पैसे त्यानं लगेच दिले. त्यांचा हिस्सा त्याच संध्याकाळी शेजारणीनं घेतला. सिस्टरांनी तिला विहिरीचं सांगून पाहिलं. "सगळेच घ्यायलेत, तुम्हालाच काय झालं?" असं ती म्हणाली.

विहीर खोल करायला म्हणून सिस्टर ते पैसे घेऊन भावाकडं गेल्या. त्यानं हात लावला नाही.

पुढं पाऊस झाला, भरपूर झाला. टँकर उभे राहिले, मालकानं ते मिळेल त्या भावात विकले, आणि गल्लीतल्यांचे पैसे अडकले ते अडकलेच. मग तीच माणसं सिस्टरांना म्हणू लागली, "तुम्ही हुशार, येळेवर निघालात." ते ऐकून त्यांनी गल्लीत बसायला जाणं सोडलं.

बाग राहिली नव्हती. भाऊ पुण्याकडं एका कंपनीत वॉचमन म्हणून गेला. सिस्टर त्याला निरोप द्यायला स्टँडवर गेल्या, मीही सोबत होते. त्यांनी खिडकीतून भाकरीचं गाठोडं पुढं केलं. त्यानं ते घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि गाडी सुटेपर्यंत समोरच बघत बसला.