‘देऊन राहिलो होतो’

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. ज्यांना सांगायला हवे होते त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, पण ‘लहान होती बिचारी’ असे मनातल्या मनातही म्हणू नका. मी चोवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. होते, आणि काय करते आहे हे मला नेमके ठाऊक होते.

लातूरची एक डाळमिल दिवाळखोरीत निघाली. तिची मालमत्ता गोळा करण्यासाठी पुण्याचे एक अवसायक — पुढे माझे साहेब — नेमले गेले आणि यंत्रांची तांत्रिक यादी करायला त्यांनी मला घेतले. यादीतले एक यंत्र मिलमध्ये नव्हतेच — तुरीचा दाणा न फोडता साल काढणारे. उदगीरच्या मन्मथअप्पा मिस्त्रींनी ते स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या डोक्याने बनवले होते. मिलमध्ये चाचणीला लावले, आणि मिल बंद पडणार हे कळताच टेम्पोत घालून परत नेले. साहेबांनी दावा लावला : यंत्र मिलचे आहे.

मी शेडवर पाहणीला गेले होते. अप्पांनी विचारले, “कुठली गं माय तू?”

“नांदेडची.”

“नांदेडात कुठं?”

“शहरातच.” खोटे. मी नायगावची.

ते हसले. “मंग इतकं पुण्यावानी का बोलून राहिली?”

साहेबांच्या नोटिशीला अप्पांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले होते. त्यात हे वाक्य होते — ‘मशीन मिलला देऊन राहिलो होतो, तितक्यात मिल बुडाली म्हणून कळलं, वापस आणली.’

आमच्या भागातल्या कोणालाही याचा अर्थ विचारा. देत होतो, अजून दिली नव्हती. साहेबांना मात्र ते उमगेना. “म्हणजे देऊन टाकली होती, असंच ना?” त्यांनी मला विचारले.

मी हो म्हणाले. का? पुण्याच्या कार्यालयातली कायमची जागा मला हवी होती, हे एक. दुसरे सांगायला अधिक जड जाते — खरा अर्थ सांगायचा, तर ‘आमच्याकडे असे बोलतात’ असे म्हणावे लागले असते. तो ‘आमच्याकडे’ माझ्या तोंडून निघेना.

दावा मुंबईत, न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. भाषांतर माझे, ते अचूक असल्याची सहीही माझी. ‘देत होतो’ अशा अर्थाचे इंग्रजी मी आधी टंकले होते. मग ते खोडून ‘दिले होते’ केले. ‘तितक्यात’चे ‘त्यानंतर’ केले. या एका वाक्याच्या बळावर साहेबांनी संक्षिप्त निकाल मागितला — म्हणजे खटला न चालवता, साक्षीपुरावा न घेता निकाल. प्रतिवादीनेच लेखी कबूल केले आहे, मग साक्ष कशाला? पिंजऱ्यात उभे राहिले असते तर अप्पांनी एका उत्तरात उलगडा केला असता. त्यांना उभेच राहू दिले नाही. त्यांच्या मुंबईच्या वकिलांनीही माझे इंग्रजीच वाचले. निकाल आमच्या बाजूने लागला.

ती जागा मला मिळाली. मी आजही तिथेच आहे, वरच्या पदावर, आणि काम उत्तम करते. राजीनामा दिलेला नाही, देणारही नाही. तुमच्या मनातून उतरले असेन तर — उतरू द्या. याहून वाईट अजून सांगायचे आहे.

यंत्राचा ताबा घ्यायला मीच गेले. अप्पांनी वाद घातला नाही. बोल्ट स्वतः सोडवले, रोलर गोणपाटात गुंडाळले, टेम्पोवाल्याला दोनदा बजावले, “आडवी टाकू नगं रे, शाफ्ट वाकंल.” मग हात पुसत माझ्याजवळ आले.

“चुकी माझीच हाय, माय. आमचं बोलणंच खराब. कोर्टाचा कागद कुणा शिकलेल्याकून लिव्हून घ्यायला पाहिजे होता. न्हाई का?”

त्यांनी खरोखरच विचारले होते. ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते. अपिलाची मुदत संपलेली नव्हती, हे मला माहीत होते. त्यांना ते माहीत नसावे, हेही मला दिसत होते.

“हो,” मी म्हणाले, “घ्यायला हवा होता.”

आणि ताबेपावतीवर त्यांनी जिथे सही करायची, तिथे मी बोट ठेवले.