भांडी वाजली का?

वहीत मी पाच रकाने आखले होते. तारीख, वेळ, आवाज कसा, भांडी वाजली का, कुत्रं भुंकलं का. अंगणवाडीत वीस वर्षांहून जास्त काढल्यावर रकान्यांशिवाय विचारच करता येत नाही. लेकरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, खिचडीचा तांदूळ, सगळं रजिस्टरात. त्यामुळे जमिनीतले आवाज वाढले तेव्हा गावाने देवाला नारळ फोडले आणि मी दुकानातून दोनशे पानी वही आणली.

आमचं गाव औंढ्याच्या डोंगरकडेला आहे. नवख्या माणसाला आधी वाटतं, कुठे तरी विहिरीला सुरुंग लावलाय. मग त्याच्या लक्षात येतं की आवाज कानाआधी तळपायाला कळला. कधी नुसती गुडगुड, कधी एकच दणका आणि मागोमाग घराघरातली भांडी. पेपरवाले ‘गूढ आवाज’ लिहितात. आमच्यात “आज आवाज झाला” एवढंच म्हणतात. कसला, हे कुणी विचारत नाही.

वहीची पहिली काही पानं भरली त्या सुमारास शाळेच्या मागच्या खोलीत यंत्र बसवायला एक संशोधक मॅडम आल्या. माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. खड्डा खणून सिमेंटचा ओटा केला आणि त्यावर डब्याएवढं यंत्र ठेवलं. गाव जमलं. मॅडम एकेकाला विचारत होत्या, कधी झाला, किती वेळ चालला, काय काय हललं. उत्तर सगळ्यांचं एकच, “लई मोठा आवाज, मॅडम.”

एका म्हाताऱ्याने विचारलं, “हे मशीन आवाज बंद करतं का नुसतं ऐकतं?”

“नुसतं ऐकतं, काका.”

“मंग आमी काय करून राहिलो इतकी वर्षं?”

सगळे हसले. मी घरी जाऊन वही आणली. मॅडमनी पायरीवर बसून पानं उलटली, एकेका पानाचा फोटो काढला. “भांडी वाजली का, हा रकाना कुणी सुचवला, ताई?”

“कुणी नाही. भांडी सगळ्यांच्या घरात असतात.”

चहाला त्या आमच्याकडे आल्या. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. पायाखाली काळा दगड आहे, थरावर थर, भाकरींची चवड असावी तसा. त्यात फटी आहेत. पावसाचं पाणी फटींतून खाली मुरतं, आत त्याचा दाब वाढतो आणि मुळातच ताणलेला दगड किंचित सरकतो. धक्का अगदी बारीक, पण जमिनीच्या वरच्या थरात होतो म्हणून त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो. हे त्यांच्या सरांचं मत. दुसरे काही अभ्यासक म्हणतात, पाणी नुसतं निमित्त. खाली एखादी जुनी भेग आहे आणि ती तिच्या वेळेने हलते आहे. पाऊस थांबला म्हणून ती थांबणार नाही.

“मग खरं कुणाचं?”

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. शिकलेलं माणूस इतक्या सहज ‘माहीत नाही’ म्हणतं याची मला सवय नव्हती. तालुक्याहून येणाऱ्या साहेबांना सगळं माहीत असतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांनी गावाचं ठरलेलं समाधान सांगितलं. “बारके धक्के बरेच की. जोर निघून जातो. कुकरची शिट्टी होती तसं.”

“तसं होत नाही, आजी. मोजणीत एक अंक वाढला की आतला जोर तीसएक पट होतो. दोन अंक वाढले की हजारएक पट. बारक्या धक्क्यांनी मोठ्याचा जोर संपवायचा म्हटलं तर तुम्हाला जेवायलाही उसंत मिळायची नाही.”

“म्हंजे मोठा व्हणारच?”

“तेही सांगता येत नाही. कुणालाच.”

“मंग इतक्या लांब आलीस काहून?” असं म्हणून आत्याबाईंनी त्यांच्या ताटलीत दुसरा लाडू टाकला.

निघताना मॅडमनी मागच्या खोलीत डोकावून वर पाहिलं. आमच्या घराला दोन खोल्या. पुढची विटांची, वर पत्रे. मागची दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. लाकडी सऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती. दर उन्हाळ्यात पाऊस येण्याआधी मातीचा नवा थर टाकायचा. जुना थर कुणी काढत नाही. माझ्या लग्नापासून त्या छतावर किती पाट्या माती चढली ते मी कधी लिहून ठेवलं नाही.

“इथे कोण निजतं?”

“मी,” आत्याबाई म्हणाल्या. “लग्न हून आले तवापासून.”

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “या खोलीत माणूस ठेवू नका, ताई.” जास्त सांगायची गरज नव्हती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. तिथे माणसं गेली ती असल्याच भिंती आणि असल्याच छतांखाली, हे आम्हाला बाईंनी वर्गात सांगितलं होतं. आणि त्याआधी त्या भागाला कुणी धोक्याचा म्हणत नव्हतं, हेही.

मी त्या आठवड्यात यादी केली. कागदपत्रं एका पिशवीत, झाली. कपाटावरची पेटी खाली, झाली. गॅसच्या टाकीला साखळी, झाली. आत्याबाईंची बाज पुढच्या खोलीत, यापुढे काही लिहिता आलं नाही. त्या हलल्याच नाहीत.

संक्रांतीनंतर लेक बाळंतपणाला आली. सातवा महिना, पहिलीच खेप. तिचं सासर कनेरगाव नाक्याच्या पुढे, वाशिमकडे. तिथे आवाज नाहीत. आल्याच्या दुसऱ्या दुपारी दणका झाला, ताटाळ्यातली सगळी ताटं खणखणली आणि ती पोटाला दोन्ही हात लावून अंगणात पळाली. पाय घसरला असता तर, हा विचार मला दोन दिवस सोडेना. मग मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि ताटाळ्यात दर दोन ताटांमध्ये एकेक घडी घातली. पेल्यांत कागद कोंबला. डब्यांखाली पोतं अंथरलं. अर्ध्या तासाचं काम. झालं, यादीतून खोडलं.

त्याच महिन्यात आमचं म्हातारं कुत्रं गेलं. पाचव्या रकान्यात मी आडवी रेघ मारायला लागले.

फाल्गुनात वही ओस पडली. आठवड्यात एखादी नोंद, तीही मी अंगणात शांत बसलेली असताना तळपायाला कळलेली. मी मॅडमना पानांचे फोटो पाठवत होते. त्यांचा निरोप आला की सर खूश आहेत, पावसाळ्याचं पाणी ओसरलं तसे आवाज ओसरले, त्यांच्या मताला बळकटी आली. मला बरं वाटलं. अंगणवाडीच्या बाईची वही शहरातल्या वादात साक्ष देत होती. हे मी दोन बायांना सांगितलंही.

बाळंतपण चैत्रात आलं. आता बाळ-बाळंतिणीला ठेवायचं कुठे? मॅडमचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. आत्याबाईंचं म्हणणं स्वच्छ होतं.

“पत्र्याखाली भाजून काढती का लेकराला? दुपारी हात लावून बघ भिताडाला. माळवदात गार ऱ्हातं, वारं लागत न्हाई.”

“पण आवाज...”

“कुठाय आवाज? तुझीच वही बघ की.”

मी वही पाहिली. खरंच, पानं जवळजवळ कोरी होती. लेक दोघींकडे बघत होती. शेवटी मलाच विचारलं, “आई, तू सांग.” मी चष्मा लावून, पानं मोजून, हिशेबी माणसाच्या थाटात सांगितलं की कमी झालेत, ठेवायला हरकत नाही.

दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणलं. मुलगी झाली. माळवदाच्या खोलीत बाज टाकली, कोपऱ्यात धुरीची शेगडी. पाचवीला आत्याबाईंनी पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचा असतो.

“तुझ्या वहीचंच पान दे फाडून,” त्या म्हणाल्या. “सटवाईलाबी रकाने लागत असतील तुझ्यावाणी.”

मी शेवटचं पान फाडून दिलं. घाईत पाहिलं नाही. त्यावर पाच रकाने आधीच आखलेले होते.

सहाव्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. यंत्रातल्या नोंदी त्या दर दोन-तीन महिन्यांनी शहरात नेऊन वाचत. या वेळी वाचून सरळ इकडे आल्या होत्या. पाणीही न पिता त्यांनी विचारलं, “ताई, संक्रांतीच्या सुमारास तुमच्या घरात काही बदललं का?”

“लेक आली. का?”

“यंत्रात धक्के कमी झालेले नाहीत. होते तसेच आहेत. तुमच्याच वहीत कमी झालेत. घर बदललं का? झोपायची जागा? काहीही.”

मी नाही म्हणणार होते. माझी नजर ताटाळ्याकडे गेली. निळ्या सुती साडीच्या घड्या ताटांच्या मधून डोकावत होत्या. मी उठून एक घडी ओढली. दोन ताटं एकमेकांना लागून वाजली. कामाच्या गडबडीत बारके आवाज मला याच खणखणीने कळत होते.

मॅडमनी ते पाहिलं. रागावल्या नाहीत. खाली बसून म्हणाल्या, “आमच्याकडेही हे होतं. मोजायचं साधन बदलतं आणि आपण समजतो, मोजलेली गोष्टच बदलली.”

“मग तुमचे सर चुकले?”

“तसं नाही. पाणी कारण असेलही. पण ही वही आता त्यांचा पुरावा नाही. दुसऱ्यांचाही नाही.” मग त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “बाळ कुठे आहे?”

पुढच्या अर्ध्या तासात मी लेकीची बाज पत्र्याच्या खोलीत हलवली. आत्याबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. “पाचवी झालेली जागा हलवत न्हाईत. उनानं लेकराला काही झालं तर?” त्यांचं खोटं नव्हतं. पत्रा खरंच तापत होता. आमच्या मालकांनी, लेकीच्या वडिलांनी, पत्र्यावर तुरीच्या तुराट्यांचा जाड थर पसरला आणि वर ओली पोती टाकली. मी दर तासाला पाणी मारायची पाळी लावली. मग ताटाळ्यातल्या सगळ्या घड्या काढायला घेतल्या आणि लेकीकडे पाहिलं. “तू घाबरशील.”

“वाजू दे,” ती म्हणाली. “मला कळलं तर पाहिजे.”

आत्याबाई एकट्या माळवदात राहिल्या. सटवाईचा कागदही त्यांनी उचलू दिला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. फक्त शेजारणीला ऐकू जाईल असं एकदा म्हणाल्या, “वहीनं आत घातलं, वहीनं भाईर काढलं. उद्या वही म्हनंल तर झाडावर बसवील.”

तिसऱ्या दुपारी मी तांदूळ निवडत होते. बाळ झोपलेलं. एकदम त्याने दोन्ही हात पसरून अंग आखडलं. मी त्याच्याकडे पाहते तोवर ताटं वाजली, सगळी, टोकापासून टोकापर्यंत. लेकीने बाळ उचललं आणि अंगणात गेली. न पळता.

मी मागच्या खोलीत धावले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ठीक होत्या. परवापर्यंत जिथे बाज होती तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या मातीची एक रेघ पडली होती, वरच्या सऱ्याच्या बरोबर खाली. उशाच्या जागी ती ओंजळभर जाड होती. तिथेच ठेवलेल्या सटवाईच्या कागदाचे रकाने मातीखाली दिसत नव्हते.

माळवदातून माती पडतच असते, आवाज नसतानाही पडते. हे मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आजही लिहिते. आत्याबाईंनी कागद उचलून झटकला, घडी करून कनवटीला लावला. आपली वाकळ गुंडाळली आणि पुढच्या खोलीत येऊन, बाळाला घेऊन आत आलेल्या माझ्या लेकीला म्हणाल्या, “सरक जरा, पोरी.”

बाळ भांड्यांच्या आधी दचकलं, हे मी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, धक्क्याची पहिली लाट बारीक आणि वेगवान असते, जास्त हलवणारी मागून येते, त्यामुळे अशक्य नाही. पण तान्ही लेकरं उगाचही दचकतात. “लिहायचंच असेल तर आवाज नसतानाचं दचकणंही लिहा, ताई. नाहीतर परत घड्यांसारखं होईल.”

कुत्र्याच्या रकान्यावर मी काट मारली. पट्टी घेऊन नवा आखला, बाळ दचकलं का. आज सकाळपासून चार वेळा दचकलं. त्यातल्या तीन वेळा भांडी गप्प होती.