बेचाळीस पायऱ्यांचा अर्ज

बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बेडके राहतात. ताईंचं तसंच होतं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या तपासणीसाठी आलेला नमुना खरा बेडका आहे की नुसती लाळ, हे त्या डबीचं झाकण उघडताच सांगत. सगळे त्यांना ताईच म्हणत, दहा वर्षांनी मोठे असलेले मोठे डॉक्टरसुद्धा.

प्रयोगशाळा आधी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण बंद पडण्यात तिचा हात कोणी धरला नसता. मग रुग्णांची सोय म्हणून प्रयोगशाळा तळमजल्यावर आणली, मोठ्या डॉक्टरांनी फीत कापली, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यांत लाळच लाळ. ताईंनी महिनाभर डोकं खाजवलं. एकदा जुनी कपाटं आणायला त्या वर गेल्या, धापा टाकत खोकल्या आणि तिथेच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बेचाळीस पायऱ्या चढून माणूस खोकत यायचा आणि छातीतलं खरं काय ते देऊन जायचा. आता तो आरामात येतो, थुंकतो आणि जातो.

पण आजारी माणसाला जिने चढायला लावणार कोण? ताईंनी उपाय काढला. मागच्या मोकळ्या अंगणात रुग्णाला बसवायचं, पाण्याच्या बाटलीत नळीने फुंकून दहा मिनिटं बुडबुडे काढायला लावायचे, म्हणजे छातीतला बेडका सुटेल, मगच डबी हातात द्यायची.

त्याच सुमारास सूचनाफलकावर एक कागद लागला. जगभरातल्या आरोग्याच्या प्रश्नांवर नव्या कल्पनांसाठी सुरुवातीचं अनुदान. दोनच पानं लिहायची, पुरावा नसला तरी चालेल. अर्ज रुग्णालयातर्फे नुसत्या क्रमांकाने जाणार, आणि त्यात कोणाचंही नाव, पद, पदवी दिसता कामा नये. ताईंना वाटलं, हा कागद आपल्यासाठीच लावलाय. एवढी हाव त्यांनी आयुष्यात कशाचीच धरली नव्हती.

त्यांनी अकरा पानं लिहिली. शाळेत शिकवणाऱ्या नणंदेने लाल पेन काढलं. "वहिनी, अनुदान मागतेयस की आत्मचरित्र लिहितेयस?" असं म्हणत तिने नऊ पानं उडवली आणि उरलेली दोन टाइप करून दिली.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला रुग्णालयाच्या कार्यालयातून अर्ज परत आला. ओळख पटेल असा मजकूर आहे, पाचच्या आत दुरुस्त करा. स्वतःचं नाव तर ताईंनी कुठेच घातलं नव्हतं. फोनवरून नणंदेने शेवटची ओळ वाचायला सांगितली, तेव्हा चूक सापडली. 'हे काम मोठ्या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली', आणि पुढे डॉक्टरांचं नाव, पदव्यांसकट. नणंदेने टाइप केल्यावर ती ओळ ताईंनीच हौसेने जोडली होती. बावीस वर्षं प्रत्येक अहवाल असाच संपत आला होता, हाताला दुसरं वळणच नव्हतं.

आता ती खोडायची कशी? निमंत्रणपत्रिकेत नाव बारीक छापलं तर आठवडाभर फुरंगटून बसणारा माणूस तो. न विचारता खोडणं ताईंच्या जिवावर आलं. त्या कागद घेऊन डॉक्टरांच्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचे रुग्ण तपासून व्हायला साडेचार झाले.

डॉक्टरांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. ताईंचा डोळा घड्याळावर.

"हे जिन्याचं मला कधी बोलला नाहीत?"

"दोनदा बोलले, सर. तुम्ही म्हणालात, नंतर बघू."

डॉक्टरांनी स्वतःच्या नावाच्या अख्ख्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि पळा म्हणाले. ती ओळ काढून अर्ज पाचला सात मिनिटं कमी असताना गेला.

चार महिन्यांनी त्या क्रमांकाला अनुदान मिळाल्याचं पत्र आलं. डॉक्टर स्वतः खाली आले, ताईंच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले आणि सोबतचा फॉर्म उघडला. पहिलाच रकाना होता मुख्य संशोधकाचा. त्यांचं पेन त्यावर थांबलेलं पाहून ताईंनी हातातल्या डबीचं झाकण उगाच घट्ट केलं. असल्या रकान्यात कोणाचं नाव जातं, हे त्यांना पाठ होतं.

"ताई," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

ताईंनी सांगितलं. इतक्या वर्षांत तिथे ते कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते हळूच निघालं आणि पुन्हा सांगावं लागलं. डॉक्टरांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि बाटल्या किती मागवायच्या ते विचारलं.